स्पेनमध्ये घर मिळालं, पण मन कधी लागतं?

ओसरी | १४ जानेवारी

नमस्कार मंडळी.

ऑक्टोबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक, पुण्याहून वालेन्सियाला राहायला आलो. पहिला महिना नवऱ्याच्या कंपनीने दिलेल्या जागेत गेला. मग बेनिमाक्लेतमध्ये चौथ्या मजल्यावर घर भाड्याने मिळालं. दोन खोल्या, दिवाणखाना, आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर.

कुणी येणार असेल तर आधी कामाचं सांगते. भाडेकरार हातात आला की पहिल्यांदा पालिकेत ‘पाद्रोन’ करून घ्या, म्हणजे आपण या पत्त्यावर राहतो याची नोंद. शाळेला तोच कागद लागतो, दवाखान्याच्या कार्डाला तोच, ओळखपत्रालाही तोच. वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून करार झाला त्याच दिवशी ऑनलाइन वेळ शोधायला बसा. अनामत कायद्याने एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, पण जादा हमी म्हणून आणखी दोन महिन्यांपर्यंतची रक्कम मागू शकतात, तेवढी तजवीज ठेवा. आमच्याकडे एका दलालाने स्वतःची फी मागितली होती. २०२३ च्या घरकायद्यानंतर नेहमी राहायच्या घराच्या करारात ती घरमालकाने द्यायची असते. तसं शांतपणे सांगितल्यावर विषय संपला.

आता माझा खरा प्रश्न. सामान लागलं, पण माझं मन लागत नाही. फरशी बर्फासारखी. बाहेर ऊन असतं आणि घरात मी दोन स्वेटर घालून बसलेली असते. दुपारी दोन ते पाच गल्लीत चिटपाखरू नसतं. नेमका तेव्हाच आईला फोन करावासा वाटतो, पण इथले पाच म्हणजे तिकडचे साडेनऊ, ती जेवून आडवी झालेली असते. संध्याकाळी देवापाशी दिवा लावते आणि वाटतं, हा दिवाही पाहुणा आलाय.

जे स्पेनमध्ये (किंवा दुसरीकडे) जाऊन राहिलेत त्यांना विचारते. हे घर आपलं आहे असं तुम्हाला कधी वाटलं? ‘वेळ लागतो’ हे मला कळतं. नेमकं काय घडलं ते सांगा.

गवती_चहा | १४ जानेवारी

ओसरी, आधी थंडीचं बघू. मन लागायला अंगात ऊब लागते. मी बार्सिलोनात सहा वर्षं आहे आणि पहिल्या हिवाळ्यात अशीच कुडकुडले होते. भूमध्य समुद्राकाठची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. टाइल्सची फरशी, पातळ खिडक्या, आणि मध्यवर्ती हीटिंग बऱ्याच घरांत नसतंच.

पर्सियाना, म्हणजे खिडकीबाहेरचा तो गुंडाळायचा पडदा, शेजारी कसा वापरतात ते बघ. हिवाळ्यात उन्हाच्या बाजूचा सकाळी पूर्ण वर आणि सूर्य कलला की लगेच खाली. उन्हाळ्यात बरोबर उलटं. फरशीवर जाड गालिचा टाक. आणि ओल काढणारं यंत्र घे, हीटरच्या आधी घे. वालेन्सियाची थंडी ओली असते, हवा कोरडी झाली की तेवढ्याच तापमानात बरं वाटतं आणि भिंतीला बुरशीही धरत नाही.

ओसरी | १४ जानेवारी

बुरशी आलीच आहे, कपाटामागे. उद्याच यंत्र बघते. हीटरची वेगळीच कथा आहे. काल हीटर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं आणि अख्खं घर अंधारात. मला वाटलं वायरिंग जळालं.

तिठा | १४ जानेवारी

जळलं नाही. तुमच्या वीजकरारात किती किलोवॅट घेतलेत ते बिलावर बघा. लहान घरांत बरेचदा ३.४५ असतं. त्यापेक्षा जास्त ओढलं की मीटर पुरवठा तोडतो. दोन उपकरणं बंद करा, मुख्य बटण खाली करून काही सेकंदांनी वर करा, वीज येते. क्षमता वाढवून घेता येते, पण त्याचा आकार दर महिन्याला बसतो.

आणि तासांप्रमाणे दर असलेला करार असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग. रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण स्वस्त. आमच्या घरी कपडे शनिवारीच धुतले जातात.

निळी_शाई | १५ जानेवारी

वाचतेय. जूनमध्ये माद्रिदला जायचंय. धागा साठवला.

मिक्सर न्यावा का?

गवती_चहा | १५ जानेवारी

जरूर ने. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, फक्त आपली जाड पिन इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. प्लग बदलून घेतला की झालं. कुकर आणि तवा मात्र इंडक्शनवर चालणारे बघून घे. ॲल्युमिनियमचा कुकर इथल्या इंडक्शन शेगडीवर ढिम्म बसून राहतो.

सुलभामावशी | १५ जानेवारी

मी डोंबिवलीची. मुलगा-सून बिल्बाओला असतात, मी दोनदा राहून आले. मेतकूट, गोडा मसाला, कोकम, कुरडया सगळं गेलं. पण तूप, पेढे, खव्याचं काही बांधू नका गं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. पहिल्या खेपेला माझा साजूक तुपाचा डबा विमानतळावर काढून ठेवला. वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

बिल्बाओचा पाऊस मला फार आवडला. त्याला तिथे सिरिमिरी म्हणतात. नावासारखाच, आपल्या श्रावणासारखा, छत्री उघडावी की नाही असा. त्या पावसात मला तिथे परकं वाटलंच नाही. ओसरी, आईला सकाळी फोन कर बाळा. तुझे नऊ म्हणजे तिचे दीड, जेवण उरकून निवांत असेल.

म्हापशेकर | १६ जानेवारी

मी मूळचा गोव्याचा, आता गालिसियात, व्हिगो शहरात. आमच्याकडे बऱ्याच जणांसारखा माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यामुळे व्हिसाची यातायात नव्हती. तीन महिन्यांनंतर राहायचं तर युरोपीय नागरिक म्हणून नोंदणी केली, हिरवा कागद मिळाला. ओसरी यांच्यापुढच्या अडचणी मला आल्या नाहीत हे आधीच कबूल करतो.

पण मन कधी लागलं ते नेमकं सांगू शकतो. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं होतं. हार्डवेअरच्या दुकानात (इथे फेर्रेतेरिया) गेलो, हातवारे करून दार उघडतं-मिटतं ते दाखवायला लागलो. दुकानदार म्हणाला, “आह, बिसाग्रा!” मी जागच्या जागी उभा. बिजागरी! आजोबा सुतारकाम करायचे, त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा असणारा शब्द.

मग तो नादच लागला. गालिसियाची भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण. चावीला इथे चावे म्हणतात, साबणाला शाबोन. खिडकीला शानेला, आमच्या कोंकणीतलं जनेल. पगाराचं मूळ असलेलं ‘पागार’, म्हणजे पैसे देणं, तर साऱ्या स्पेनभर. चारशे-साडेचारशे वर्षं आपल्या घरात वापरत असलेले शब्द इथल्या घरात आधीपासून राहत होते. तेव्हापासून मला हे घर परकं वाटलं नाही.

बोरकूट | १६ जानेवारी

वा म्हापशेकर! बटाटा पण घ्या की, पाताता. आणि नारंगी-नारान्खा. तो शब्द मात्र आपल्याकडून फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे गेला. म्हणजे ओसरीच्या वालेन्सियातल्या संत्र्यांच्या बागा नावापुरत्या तरी आपल्याच.

रानजाई | १७ जानेवारी

शाकाहारी मंडळींसाठी माझी भर. मी सेव्हियात चार वर्षं आहे. नुसतं “मी शाकाहारी” सांगून भागत नाही. ‘मिश्र सॅलड’ मागवलं तर त्यावर ट्यूना मासा असतो, भाजीच्या सूपवर हॅमचे तुकडे असतात. “मांस नको, मासे नकोत, हॅम नको” असं तिन्ही वेगळं सांगायचं. पण सेव्हियात पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, जिरं घातलेली, पावाबरोबर. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

बेसन शोधत भारतीय दुकानांत फिरू नका. ‘आरिना दे गारबान्सो’ म्हणजे हरभऱ्याचं पीठ मोठ्या सुपरमार्केटात मिळतं. पिठलं उत्तम होतं. गूळ ‘पानेला’ या नावाने मिळतो. कोथिंबीर घेताना वास घेऊन घ्या, शेजारी ठेवलेली पार्सली दिसायला तशीच असते.

आणि थंडीसाठी आमच्या आंदालुसियाची रीत: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड, आणि टेबलाखाली ‘ब्रासेरो’. पूर्वी त्यात निखारे असत, आता विजेची शेगडी. सगळं घर पाय आत घालून, कापड मांडीवर ओढून त्याभोवती बसतं. आमच्या घरमालकिणीने तिचं जुनं टेबल आम्हाला दिलं. मुलांचा अभ्यास, जेवण, गप्पा सगळं तिथेच. ओसरी, माझं उत्तर हेच, ते टेबल आलं त्या दिवशी.

तिठा | १७ जानेवारी

माझं मत थोडं कडक आहे. पहिलं वर्षभर भारतीय व्हॉट्सॲप ग्रुपपासून लांब राहा. मी माद्रिदला आलो तेव्हा लाव्हापिएसमध्ये राहायचो. खाली बांगलादेशी किराणा, समोर भारतीय उपाहारगृह, शनिवार-रविवार आपलीच माणसं. सोय झाली, पण दोन वर्षांत स्पॅनिश चार वाक्यांपुढे गेली नाही. डॉक्टरकडेसुद्धा मित्राला घेऊन जायचो. मग घर बदललं, तेव्हा शहर दिसायला लागलं.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास साऱ्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली ना, तेव्हा फोन बंद, मेट्रो बंद, माझी शेगडी इंडक्शनची. शेजारच्या काकांकडे ब्युटेनचा नारिंगी सिलिंडर होता आणि सेलवर चालणारा रेडिओ. सगळा मजला त्यांच्या दारात. मी डाळ-तांदूळ घेऊन गेलो, त्यांच्या गॅसवर खिचडी केली, सात जणांनी खाल्ली. रेडिओवरच्या बातम्या कळत होत्या म्हणून मी त्यांच्यातला होतो. भाषा येत नसती तर दार लावून अंधारात बसलो असतो.

गवती_चहा | १७ जानेवारी

तिठा, खिचडी फार आवडली, पण सल्ला पटत नाही. तुम्ही एकटे आला होतात, नोकरीवर रोज माणसं भेटत होती. घरी दिवसभर एकटी असलेल्या बाईला तुम्ही आपल्या भाषेचं माणूसही तोडायला सांगताय. मला बार्सिलोनात दुसऱ्या महिन्यात एक मराठी मैत्रीण मिळाली. आठवड्यातून एकदा तासभर मनसोक्त मराठी बोलले की मग उरलेले सहा दिवस स्पॅनिशशी झटायला बळ यायचं. दोन्ही लागतं.

आणि तुमच्या वेळची चूक ग्रुपची नव्हती, दुसरीकडे पाऊल न टाकण्याची होती.

तिठा | १७ जानेवारी

हे मान्य. ‘लांब राहा’ऐवजी ‘तेवढ्यावर थांबू नका’ असं वाचावं.

सुलभामावशी | १८ जानेवारी

भांडू नका रे, खिचडीत तूप घातलं होतं का ते सांगा.

तिठा | १८ जानेवारी

मावशी, ऑलिव्ह तेल. काकांनी स्वतःच्या हाताने वरून सोडलं.

ओसरी | १९ जानेवारी

सगळ्यांचं वाचतेय, खूप आधार वाटतोय. एक अडचण विचारू? आमचं स्वयंपाकघर आतल्या चौकाकडे उघडतं. सगळ्या मजल्यांच्या खिडक्या त्याच चौकात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्याही तिथेच. फोडणी केली की वास थेट सगळ्यांच्या घरात. परवा वरून कुणीतरी खिडकी धाडकन लावली. तेव्हापासून मी फोडणी करायचंच टाळतेय.

निळी_शाई | १९ जानेवारी

मीही टाळली असती. नव्या जागी कुणाला त्रास नको.

रानजाई | १९ जानेवारी

अजिबात टाळू नकोस! त्याच चौकात त्यांचा लसूण तेलात पडतो, मासे तळले जातात, ते चालतंच ना. खिडकी वाऱ्यानेही लागते. एक्झॉस्ट लाव, रात्री दहानंतर मिक्सर फिरवू नकोस, एवढी शेजारधर्माची काळजी पुरे. ज्या घरात हिंग-मोहरी तडतडत नाही त्या घरात तुझं मन कसं लागेल?

कोकणवारा | २१ जानेवारी

मी आलिकान्तेला असतो, पण कामानिमित्त वालेन्सियाला येतो. ओसरीताई, एका रविवारी मुलीला घेऊन शहराच्या दक्षिणेला आल्बुफेराला जा. मोठं सरोवर आणि भोवती नजर पोचेल तिथवर भातखाचरं. मेमध्ये तिथे भात लावतात, सप्टेंबरात कापणी होते. हिवाळ्यात सगळी खाचरं पाण्याने भरलेली असतात, त्यात बगळे उभे. मी राजापूरकडचा. बांधावर उभा राहिलो आणि चिखलाचा वास आला. घरी परत जायची घाईच होईना.

पाएलाचा जन्म त्याच भागातला. अस्सल वालेन्सियन पाएलात कोंबडी, ससा आणि शेंगा असतात. त्यात सॉसेज घातल्याचं तिथे बोलू नका, माणसं मनाला लावून घेतात. आणि ती दुपारीच खायची.

चौकट | २२ जानेवारी

धागा आजच वाचला. मी वालेन्सियात आठ वर्षं आहे, शहराच्या दक्षिण टोकाला.

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पुराचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. आमच्या घराला पाणी लागलं नाही. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचं पात्र शहराबाहेरून वळवलं, जुन्या पात्रात आता बाग आहे. पण नव्या पात्राच्या पलीकडे पायपोर्ता, कातार्रोखा, आल्फाफार ही गावं चिखलात गाडली गेली. दोनशेहून जास्त माणसं गेली.

दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दार वाजवलं. हातात दोन झाडू. म्हणाली, एक तुझ्यासाठी. आम्ही नदीवरच्या पादचारी पुलावरून चालत गेलो. पुढे-मागे हजारो माणसं, खांद्यावर फावडी, झाडू, पाण्याचे कॅन. एका आजोबांच्या घरातला चिखल दिवसभर ओढला. त्यांच्या लग्नाचा फोटो धुऊन उन्हात ठेवला. रात्री गुडघ्यापर्यंत माखून घरी आले तेव्हा जिन्यात शेजारच्या बाईने बादली भरून गरम पाणी ठेवलं होतं, मी पायरीवरच पाय धुवावेत म्हणून.

तोवर सहा वर्षं झाली होती. पाद्रोन होतं, ओळखपत्र होतं, भाषा होती. पण ‘आमचं वालेन्सिया’ असं माझ्या तोंडून पहिल्यांदा त्या आठवड्यात आलं. ओसरी, तुझ्यावर असा प्रसंग येऊ नये. पण कुणी झाडू घेऊन दारात आलं तर नाही म्हणू नकोस.

बोरकूट | २२ जानेवारी

चौकट... काय लिहू. नुसता नमस्कार.

सुलभामावशी | २२ जानेवारी

पायरीवरचं गरम पाणी वाचून थांबले. देव त्या बाईचं भलं करो.

निळी_शाई | ६ फेब्रुवारी

अवांतर विचारते. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स स्पेनमध्ये बदलून मिळतं का?

तिठा | ६ फेब्रुवारी

नाही, ज्या देशांशी अदलाबदलीचा करार आहे त्यांत भारत नाही. रहिवासी झाल्यावर सहा महिने आपलं चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीतून देता येते.

चौकट | २८ फेब्रुवारी

ओसरी, उद्यापासून रोज दुपारी दोनला पालिकेसमोरच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे फटाक्यांचा ताल धरलेला गडगडाट. लेकीच्या कानात कापूस घाल आणि तोंड उघडं ठेवायला सांग. १५ ते १९ मार्च फायास, म्हणजे गल्लोगल्ली मोठे पुतळे उभारून शेवटच्या रात्री जाळायचा इथला सण. तुमच्या गल्लीचं मंडळ असेलच, त्यांच्या जागेला कासाल म्हणतात. जाऊन ओळख करून घे.

ओसरी | २१ मार्च

बरेच दिवस आले नाही, कारण घरात बसायलाच मिळालं नाही!

चौकट म्हणाली तसं कासाल सापडलं, घरापासून तीन मिनिटांवर. आत पाऊल टाकलं आणि सदाशिव पेठेतलं आमचं गणपती मंडळच. लांब टेबलं, वर्गणीची वही, ‘यंदा आपला पुतळा पलीकडच्या गल्लीपेक्षा उंच’ यावर वाद, पोरं पायांत पायांत. लेकीचं शाळेतलं वालेन्सियन (इथली स्थानिक भाषा) माझ्या स्पॅनिशपेक्षा पुढे गेलंय, तिने माझी सगळ्यांशी ओळख करून दिली. १९ च्या रात्री पुतळा जाळला तेव्हा वर्षभर त्यासाठी राबलेली माणसं रडत होती. विसर्जनाला आम्ही रडतो तशीच. लेकीने विचारलं, “आई, हे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतात का?” मी म्हटलं, आपण म्हणू. आम्ही दोघींनी हळूच म्हटलं.

पण मला ज्याचं उत्तर हवं होतं ते त्याआधीच, आठवडाभर अगोदर घडलं. माझा पंचा दोरीवरून घसरून पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या अंगणात पडला. आणायला जायचं धाडस होईना. संध्याकाळी त्याच दार वाजवत वर आल्या. पंचा घडी करून, आणि त्यावर एक डबा. डब्यात गरम बुन्युएलो, फायासमध्ये इथे घरोघर तळतात. चावा घेतला तर आत लाल भोपळा. रानजाई, मी माझ्या आजीच्या घारग्यांच्या चवीपाशी पोचले गं!

आता डबा रिकामा कसा परत द्यायचा? दुसऱ्या दिवशी भोपळा किसला, पानेला घातला, घारगे तळले आणि खाली नेऊन दिले. त्यांनी खाल्ला, मला ओढून आत नेलं, आणि विचारलं की महिनाभर दुपारी काहीतरी तडतडून जो वास यायचा तो मधेच बंद का झाला. त्यांना तो आवडायचा. त्या त्याच वेळी खिडकी उघडून बसायच्या!

त्या दिवसापासून फोडणी पुन्हा सुरू. डबा तेव्हापासून वर-खाली सुरूच आहे. आज माझ्याकडे आहे.

म्हापशेकर, आणखी एक. आमच्याही कपाटाचं दार निखळलं होतं. फेर्रेतेरियात गेले आणि ठणठणीत आवाजात ‘बिसाग्रा’ मागितली. एका फटक्यात मिळाली.

म्हापशेकर | २१ मार्च

आजोबांना आज फार आनंद झाला असता.

रानजाई | २१ मार्च

ओसरी!!! मी आत्ता भोपळा आणायला निघालेय. कोणता घेतलास? इथे त्या लांबट, मधे चिमटलेल्या आकाराचा मिळतो तो चालेल का? आणि कणीक किती?

ओसरी | २२ मार्च

तोच घे, शेंगेसारखा दिसतो म्हणून त्याला भुईमुगाचा भोपळा म्हणतात, कालाबासा काकाउएते. गोड असतो, पानेला थोडा कमी घाल. किसून नीट वाफव, पाणी अजिबात घालू नकोस, मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. वेलची नसली तरी जायफळ घालच.